करंजखोलची हाक

घाटमाथ्यावर करंजखोल नावाचे लहानसे गाव आहे. गावामागे राई आहे, आणि राई जिथे संपते तिथे जमीनही संपते. खाली सरळ तुटलेला कडा आहे. त्याला मोहळकडा म्हणतात. त्याच्या कपारींतून आग्या माश्यांची मोहोळे लटकतात. समोरच्या डोंगरावरून पाहिले तर कोणी काळी घोंगडी वाळत घातल्यासारखी दिसतात. पाहुण्यांना दाखवण्यासारखे गावात एवढेच आहे. पण करंजखोलला एक रात्र राहिलेला माणूस परत आल्यावर कड्याविषयी फार बोलत नाही. तो तिथल्या तिन्हीसांजेविषयी बोलतो.

दिवेलागणीला तिथल्या बायका उंबऱ्यात येतात आणि आपापल्या नवऱ्याला हाक मारतात. नुसत्या नावाने. 'अहो' नाही, 'ऐकलंत का' नाही, मुलाच्या नावाचा आडपडदाही नाही. "मारुती, ये घरी." "कोंडिबा, ये घरी." नवरा गोठ्यात असो, पारावर असो, की तिच्याच पाठीमागे चुलीशी बसून चहा पीत असो, त्याने "ओ" म्हणायचे. मग बाई आत जाते. आसपासच्या गावांत याची चेष्टा होते. तिकडून सून होऊन आलेल्या मुली पहिले काही दिवस पदर तोंडावर धरून पुटपुटतात. सासू मागून म्हणते, "मोठ्यानं घे. त्याला न्हाई, कड्याला ऐकू गेलं पायजे."

कड्याला का, ते अनसाबाई गुरवीण सांगतात. राईची देखरेख पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे आहे. ओसरीवर सूप घेऊन त्या नाचणी निवडत बसलेल्या असतात, आणि सांगतानाही त्यांचे हात थांबत नाहीत. त्या सांगतात ती गोष्ट अशी.

पूर्वी करंजखोलची बरीचशी माणसे मधावर जगत. कड्यावरून दोर सोडायचा, कमरेला बांधून एकाने खाली उतरायचे, धूर करून माश्या उठवायच्या आणि पोळे कापून मडक्यात घ्यायचे. दोर अंबाडीचा, तीन पेडांचा. तो वर जांभळीच्या बुंध्याला वेढा देऊन धरायचा. धरणारा मात्र वाटेल तो चालत नसे. उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ, म्हणजे त्याचा मेहुणा, हाच दोर धरी. सख्खा भाऊ बांधावरून भांडलेला असू शकतो, मित्राच्या मनात काय आहे ते कळत नाही; पण मेहुणा आपल्या बहिणीचे कुंकू पुसणार नाही, असा हिशेब. बायकोच्याच हाती दोर का देत नसत, याचे कारण कोणी बोलून दाखवत नसे.

दुसरा नियम राईचा. राईतले काही बाहेर न्यायचे नाही. वाळकी काटकी नाही, गळलेला हिरडाही नाही. जे खाली पडले आणि ज्याला कोणी आपले म्हटले नाही, ते राईचे. हा नियम अजून आहे.

त्या काळी गावात सुभाना नावाचा मध काढणारा होता. त्याचे आईबाप तो लहान असताना एकाच साथीत गेले. पुढे गावाने त्याला वाढवले, पण नावाने कोणी बोलावले नाही. मोहोळे काढतो म्हणून सगळे त्याला 'मव्हळ्या' म्हणत. मव्हळ्या, मडकं आण. मव्हळ्या, पोराला माशी चावली, बघ जरा. तोही त्या हाकेला सरावला होता.

त्याची बायको राही, घाटाखालच्या गावातली. कामाला वाघीण, बोलायला कमी, आणि स्वभाव असा की नवऱ्याच्या मुंडाशाला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नसे. तो शेळीच्या पाठीवरून हात फिरवू लागला, तर ती शेळी विकायला काढी, असे म्हणतात. पण एवढा जीव असून ती त्याला काय म्हणे? "अवो." तो त्यावर "हं" म्हणे. रीतच तशी होती. बाईने नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य तेवढे तुटते, हे तिला आईने सांगितले होते, आईला आजीने. लग्नानंतर राहीने ते नाव एकदाही तोंडातून काढले नव्हते. मनात घेत होती की नाही, ते कोणाला ठाऊक.

मग कारवीचे वर्ष आले. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. सगळा उतार निळाजांभळा होतो, आणि माश्यांचा आवाज गावात घरात बसून ऐकू येतो. त्या वर्षी सुभाना पहाटे जाई तो उन्हे उतरताना येई. एका दुपारी तो राईच्या कडेला पाठ टेकून बसला होता, तेव्हा झाडांतून हाक आली.

"सुभाना."

राईतून आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे करंजखोलच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. सुभानालाही होते. पण आई गेल्यापासून ते नाव त्या सुरात त्याने ऐकलेच नव्हते. तो विचार करायच्या आत ओ देऊन बसला.

तो आत गेला. राईच्या मध्यावर अळंब्यांचे एक वाटोळे रिंगण आहे. दर पावसाळ्यात त्याच जागी, तेवढ्याच गोलात उगवते. पण त्या वर्षी पाऊस संपून गेला तरी ते तसेच होते. त्यात ती बसली होती. तिला मोहळीण म्हणतात. रंग मधासारखा, केस गुडघ्यापर्यंत, अंगावर पानांचे असे काही की पाने कुठे संपतात आणि ती कुठे सुरू होते ते कळू नये. तिने पळसाच्या पानावर कारवीचा घट्ट पांढरा मध त्याच्यापुढे धरला. त्याने तो खाल्ला. ही त्याची दुसरी चूक. तिच्या हातचे खाल्लेल्याला घरचे गोड लागत नाही, असे सांगतात.

तिने विचारले, "तुझी बायको तुला काय म्हणून हाक मारते?"

"अवो," सुभाना म्हणाला.

ती हसली. "आणि गाव?"

"मव्हळ्या."

"म्हणजे नाव तसंच पडून हाय म्हणायचं."

सुभानाला त्यात काही वावगे वाटले नाही. खरेच तर होते.

त्या दिवसापासून ती रोज त्याला नावाने बोलावू लागली. काही काम नसताना. नुसते "सुभाना" म्हणायची आणि तो ओ द्यायचा. त्या दोघांत याहून जास्त काय झाले हे गोष्टीत नाही. पाहुण्यांपैकी कोणीतरी ते विचारतेच. अनसाबाई म्हणतात, "एवढं पुरं न्हाई व्हय?"

घरी त्याने आधी गूळ मागणे सोडले. मग भाकरी अर्धी टाकू लागला. राहीने विचारले, "अवो, बरं न्हाई का?" तो म्हणाला, "हं." त्याच्या अंगाला धुराचा वास येत असे, त्या जागी आता फुलांचा येऊ लागला. राहीने त्याचे मुंडासे हुंगून पाहिले, सदरा हुंगून पाहिला. गावातल्या एकेका बाईच्या जवळून मुद्दाम गेली. तो वास कोणाच्याच अंगाला नव्हता. त्याने तिचे समाधान झाले नाही. उलट ज्या बाईचा पत्ता लागत नाही तिच्याशी भांडायचे कसे, हा तिला नवा ताप झाला.

एक दिवस तो भाकरी घरीच विसरला. ती घेऊन राही राईपर्यंत गेली. वेळूच्या बेटाआड ती उभी होती, तेव्हा तिने हाक ऐकली. बाईचा आवाज, आणि तिच्या नवऱ्याचे नाव. आपल्या ओठांवर कधी आले नाही ते नाव कोणी दुसरीच, रोजच्या वापरातले असावे तसे घेत होती. आणि मग त्याची ओ आली. राहीला त्या बाईच्या आवाजाचे नाही, त्या ओचे लागले. एवढ्या वर्षांत तिला कधी ओ मिळाली नव्हती. हं मिळाले होते.

ती भाकरी तशीच घेऊन घरी आली. दार लावले. चुलीपुढे बसून तिने ते नाव घ्यायचा प्रयत्न केला. "सु" म्हणाली आणि तोंडावर हात दाबून धरला. राग इतका, की त्याचा जीव घ्यावा; आणि भीती अशी, की चुकून त्याच्या जिवाचा एक दिवसही कमी होऊ नये. दोन्ही एकाच छातीत. ती त्या दिवशी जेवली नाही.

तिचा भाऊ केरू दोर धरायला येत असे. दुसऱ्या दिवशी दोघे कड्याकडे निघाले तेव्हा राही कोयता घेऊन मागोमाग गेली. सुभाना कमरेला दोर बांधून उतरला. तो नजरेआड झाल्यावर ती केरूला म्हणाली, "दोर माझ्याकडं दे."

"तुझ्याकडं?" केरू हसला. "दाव्याची शेळी आवरत न्हाई तुला, नवरा आवरणार?"

"आजच्या दिवस."

"अगं, बहिणीला रांडाव करणार न्हाई म्हणून दोर माझ्या हातात असतो. तुझ्या हातात दिला तर भरवसा कुणाचा?"

"माझा."

केरूने तिच्या तोंडाकडे पाहिले. ती लहानपणापासून एखादी गोष्ट मागू लागली की अशीच दिसे, हे त्याला माहीत होते. जांभळीला वेढे पक्के होते. एक झटका आला तर दोर सैल करायचा, दोन आले तर ओढायचा, एवढे सांगून त्याने दोर तिच्या हाती दिला आणि तो धुरासाठी ओला पाला आणायला गेला. कोयता तिने लाकडांसाठी आणला असेल असे त्याला वाटले. बायकांच्या हाती कोयता असतोच.

राहीने दोर धरला. म्हणे, नवऱ्याचे वजन तिला तेव्हा पहिल्यांदा हाताला कळले. तो खाली हलला की इथे तळव्यात कळे. तिला ते बरे वाटले. असा तो पूर्णपणे तिच्या हातात कधी आला नव्हता. मग एकाएकी दोर हलका झाला. तो कुठेतरी टेकला होता. मध कापणारा माणूस टेकत नाही, लटकलेलाच राहतो. राहीने दोराला आणखी एक वेढा दिला, कड्याच्या कडेवर पालथी पडली आणि खाली पाहिले.

खालच्या कपारीत सुभाना उभा होता. त्याच्यासमोर मोहळीण होती, तिची पाठ राहीकडे. सुभानाने ती पाठ कधी पाहिली नव्हती. ती नेहमी त्याच्याकडे तोंड करूनच असे. ती पाठ पोकळ होती. जुन्या झाडाच्या ढोलीसारखी, मानेपासून कमरेपर्यंत, आणि त्या ढोलीत पोळे लागले होते. माश्या आतबाहेर करत होत्या. दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. पण राहीने, असे सांगतात, त्या ढोलीकडे धड पाहिलेही नाही. तिने पाहिले ते केस. एवढी पाठ झाकली गेली असती इतके केस, आणि ते सगळे तिने पुढे घेतले होते. त्याने पाहावे म्हणून.

"सुभाना," मोहळीण म्हणाली, "आता दोर सोड."

सुभानाने कमरेच्या गाठीला हात घातला.

राहीच्या मनात आले, त्याने सोडायच्या आधी आपण तोडावा. निदान तोडला मी, असे तरी होईल. तिने कोयता दोरावर टेकवला आणि ओढला. एक पेड तुटला. त्याचा धक्का दोरातून खालपर्यंत गेला. सुभानाने दचकून वर पाहिले. वर बायकोचे तोंड आणि कोयता दिसला. पण गाठीवरचा हात त्याने काढला नाही.

मोहळिणीनेही वर पाहिले. पाठ न वळवता, नुसती मान मागे टाकून.

"तुझं काय हाय गं खाली?" तिने विचारले.

"माझा नवरा हाय."

"नाव काय त्याचं?"

राही गप्प झाली.

"बघ," मोहळीण म्हणाली, "तुलाच ठाऊक न्हाई. हे नाव गळून पडलं होतं. कुणी आपलं म्हटलं न्हाई. मी उचललं. राईत पडलं ते माझं."

यात खोटे काही नव्हते. राईचा नियमच तो. नाव घेतले तर त्याचे आयुष्य तुटणार, न घेतले तर तो आत्ताच जाणार. खाली सुभानाच्या बोटांनी गाठीचा एक फास सोडवला. दुसऱ्याला हात घातला. तेव्हा राहीच्या तोंडून नाव निघाले. तिने घेतले असे म्हणता येणार नाही. इतकी वर्षे कोंडलेले ते आपल्या जोराने बाहेर आले.

"सुभानाऽऽ!"

कड्यावरची सगळी मोहोळे एकदम उठली. ऊन झाकले गेले, असे सांगतात. आणि त्या आवाजातूनही खालून ऐकू आली, ती ओ.

ती आपण कोणाला दिली हे सुभानाला नंतर सांगता आले नाही. तोंडातून निघून गेली, एवढेच तो म्हणे. पण एकदा दिली ती दिली. त्याचा हात गाठीवरून निघाला. राही ओरडली, "ये वर!" आणि तिने दोर ओढायला घेतला. हाका ऐकून केरू पाला टाकून धावत आला. उरलेल्या दोन पेडांवर भावाबहिणीने त्याला वर घेतले. सुभानाला एकही माशी चावली नाही. केरूलाही नाही. सगळ्या राहीला चावल्या. तो वर आला तेव्हा तिचे डोळे सुजून मिटले होते. तिने हातांनी त्याचे तोंड चाचपून पाहिले, मग खांदे, मग कमरेची गाठ.

खालून आवाज आला, "आज घेतलंस. उद्या घेशील?"

"घेईन," राही म्हणाली.

"परवा?"

"रोज घेईन."

"एक दिवस चुकशीलच. त्या दिवशी मी हाक मारीन."

"चुकले तर मार," राही म्हणाली.

मग आवाज थांबला. केरू दोर गुंडाळत होता. तुटलेला पेड त्याच्या हाताला लागला. त्याने तो पाहिला, बहिणीकडे पाहिले, आणि पाणी आणतो म्हणून तिथून निघून गेला.

सुभाना म्हणाला, "एक पेड कापलाय."

"मी कापला."

"मग वर कशाला वढलंस?"

"तिला द्यायचा न्हवता म्हणून."

दोघे घरी आले. सूज उतरेपर्यंत त्याने तिला पाणी दिले, लेप लावला, पण तोंडातून शब्द काढला नाही. तीही बोलली नाही. फक्त दिवेलागणीला ती भिंत धरत उंबऱ्यापर्यंत येई आणि हाक मारी, "सुभाना, ये घरी." तो अंगणातच असे. तो ओ देई. कारवीची फुले गळून बी तडकू लागेपर्यंत त्या घरात तेवढेच बोलणे होत होते. पुढे एका संध्याकाळी ओ दिल्यावर तो म्हणाला, "गूळ हाय का गं घरात?" राही आत गेली आणि गुळाचा खडा शोधता शोधता रडली म्हणे. हा भाग अनसाबाई सावकाश सांगतात.

नावाने आयुष्य तुटते म्हणावे, तर सुभाना नातवंडांच्या लग्नात नाचला. नाव घेतले नसते तर आणखी जगला असता, असे म्हणणारे पुरुष गावात आहेत. बायकांच्या देखत ते म्हणत नाहीत.

ही हाक एका घरात राहिली नाही. राही काय करते आणि का करते ते कळल्यावर गावातल्या बायकांना आपापल्या घरचे दिसू लागले. आपल्याही धन्याचे नाव तसेच पडून आहे की! आठवडा उलटायच्या आत दारोदार हाका सुरू झाल्या. म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. एक होती, तिचा नवरा तोंडावर देवीचे वण असलेला, एका पायाने अधू. शेजारीण तिला म्हणाली, "तुझ्याला न्यायला कोण बसलीय गं?" ती म्हणाली, "तुला काय ठावं? न्हाई बसली तर आलीस कशाला विचारायला?" त्यानंतर त्या दोघी बोलत नव्हत्या, असे सांगतात.

दोर मात्र आजही मेहुणाच धरतो. राहीनंतर तो कोणाच्या बायकोच्या हाती दिलेला नाही.

पुढे दर सात वर्षांनी कारवी फुलली. फुलली की सुभाना अंगणात राईकडे तोंड करून बसे. राही तेव्हा दिवसातून कितीदा हाक मारी याला सुमार नसे. "अगं हितंच हाय की," तो म्हणे. ती म्हणे, "ओ दे आधी." ती म्हातारी झाली, तिला दिसेनासे झाले, तरी हे चालूच होते. मोहळीण विसरली असेल असे सुनांना वाटे. राहीला तसे कधी वाटले नाही. आपण विसरलो नाही, तर ती कशी विसरेल?

मग सुभाना गेला. एका हिवाळ्यात, अंथरुणात, साध्या तापाने. माणसे त्याला पोहोचवून आली. दिवेलागण झाली. बाया राहीजवळ बसल्या होत्या. गेलेल्या माणसाला हाक मारायची नसते. त्याची वाट अडते, तो घुटमळतो. सगळ्यांना ते माहीत होते, आणि राहीच्या कानावर दुसऱ्यांच्या हाका पडू नयेत म्हणून त्या दिवशी साऱ्या गावातच कोणी आपल्या नवऱ्याला हाक मारली नाही. गाव गप्प होते.

त्या शांततेत राईकडून गुणगुण ऐकू येऊ लागली. दिवस मावळल्यावर माशी उडत नाही. कारवीचे वर्षही नव्हते. आवाज आधी राईच्या कडेला होता, मग शेवटच्या घराशी आला. बायांनी एकमेकींकडे पाहिले. इतकी वर्षे जो दिवस चुकायची मोहळीण वाट पाहत होती, तो आजचा.

राही उठली. उंबऱ्याकडे निघाली. एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, "राही, गेलेल्याला हाक मारू नये गं. वाट अडंल त्याची."

"अडू दे," राही म्हणाली. "तिकडं न्हाई जायचा."

ती उंबऱ्यात उभी राहिली आणि रोजच्यासारखीच म्हणाली, "सुभाना, ये घरी."

गुणगुण तिथेच थांबली. राही थोडा वेळ उभी राहिली. मग जवळ असलेल्या सगळ्यांना ऐकू आले, की आवाज मागे फिरला आणि राईत गेला. दुसऱ्या दिवशी राहीने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुलगा म्हणाला, आये, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोकांना कोण बोलावतंय? स्वतः जाईपर्यंत तिने एकही संध्याकाळ सोडली नाही. ती गेल्यावर राई काही दिवस अगदी शांत होती, असे सांगतात. आता दोघे एकाच ठिकाणी होते. हाकेचे कारण उरले नव्हते.

अनसाबाईंची गोष्ट इथे संपते. तोवर बहुधा दिवेलागण झालेली असते. त्या सूप बाजूला ठेवतात, गुडघ्यांवर हात टेकून उठतात आणि उंबऱ्यात जातात. "धर्मा," त्या म्हणतात, "ये घरी." पाहुणे सवयीने अंगणाकडे पाहतात. अंगणात कोणी नसते. आतल्या खोलीत देवांशेजारी धर्मा गुरवांचा हार घातलेला फोटो आहे. एकदा एका भल्या पाहुण्याला राहवले नाही. पुण्याकडचे, वयस्कर गृहस्थ होते. म्हातारीची हाक रिकामी जाऊ नये म्हणून ते हळूच "ओ" म्हणाले. अनसाबाई वळल्या. एवढा वेळ हसतखेळत बोलणारी बाई, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"तुमी नका देऊ ओ," त्या म्हणाल्या. "ज्याची त्यानं द्यायची."

आणि त्यांनी पुन्हा हाक मारली.

आजही करंजखोलमध्ये नवरा गेला म्हणून हाक बंद होत नाही. तिन्हीसांजेला सगळ्या उंबऱ्यांतून नावे ऐकू येतात. काहींना लगेच उत्तर मिळते. कोणी गोठ्यातून, कोणी पारावरून ओ देतो, आणि बाई आत वळते. बाकीच्या बाया हाक मारून झाल्यावर, ओ येण्याइतका वेळ, तिथेच थांबतात. मग आत जातात.